हेडफोनमध्ये अचानक फुल आवाजात खरखराट येतो, साउंड कार्ड गेलंय का?

तंबोरा_मिरज

नमस्कार मंडळी. मी मिरजेला असते, शास्त्रीय गाण्याच्या शिकवण्या घेते. २०२० च्या लॉकडाऊनपासून निम्म्याहून जास्त क्लास ऑनलाइनच झालेत, त्यात तीन मुली अमेरिकेत, त्यामुळे पहाटे साडेपाच-सहालाच माझा कम्प्युटर चालू होतो. डेस्कटॉप आहे, विंडोज १०, आठ जीबी रॅम. माइकसाठी छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (म्हणजे बाहेरून लावायचं साउंड कार्ड) घेतलाय, त्याला कंडेन्सर माइक आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. शिवाय कम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात दोन छोटे स्पीकर लावलेत, क्लास नसताना घरात रेकॉर्डिंग ऐकायला.

आता प्रॉब्लेम. गेल्या पंधरा दिवसांत तीन वेळा असं झालं की क्लास नीट चाललाय, मुलगी गातेय, मी ऐकतेय, आणि एकदम हेडफोनमध्ये प्रचंड मोठा खर्रर्र असा आवाज. म्हणजे जुन्या टीव्हीला चॅनल नसलं की मुंग्या दिसायच्या आणि आवाज यायचा ना, तसा, पण कल्पना करता येणार नाही इतका मोठा. हेडफोन फेकून दिला अक्षरशः. आणि तो आपोआप थांबत नाही, यूएसबीची केबल उपटली तरच थांबतो, परत लावली की सगळं छान, जसं काही झालंच नव्हतं. तिसऱ्या वेळेनंतर उजव्या कानात संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजत होती. मी घाबरलेय हो, कान म्हणजे माझं सगळं आहे.

मला न कळलेली गोष्ट ही की विंडोजचा व्हॉल्यूम फक्त २० वर होता! २० वर असताना एवढा आवाज येतोच कसा?

एका दुकानात दाखवलं, ते म्हणाले विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारलं, काही फरक नाही. आता म्हणतात कार्डच बदला, नऊ-दहा हजार जातील. पैसे साठवून घेता येईल पण नवीन घेऊनही हेच झालं तर?

अजून दोन बारीक तक्रारी, याच्याशी संबंध आहे का माहीत नाही. स्पीकरमधून काही वाजायला लागताना आधी टक् असा आवाज येतो, थोडा वेळ शांत राहून परत काही लावलं की परत टक्. आणि स्पीकरमध्ये सतत बारीक गुणगुण असते, पांढरी पाचच्या (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) किंचित वर लागते ती. कुणाला काही कळत असेल तर सांगा प्लीज.

रातकिडा

ताई पहिले हे बघा की तो आवाज सुराचा आहे का बिनसुराचा, कारण माइक आणि हेडफोनचं फीडबॅक झालं तर ते शिट्टीसारखं, कुठल्यातरी एका सुरावर चढत जातं, आणि विंडोजमध्ये माइकच्या प्रॉपर्टीत लिसन म्हणून टॅब असतो तिथे लिसन टु धिस डिव्हाइसला टिक राहिली असेल तर माइकचा आवाज परत हेडफोनमध्ये फिरत राहतो. तुम्ही मुंग्यांसारखा म्हणताय म्हणजे फीडबॅक नसावं पण टिक काढून टाका. दुसरं म्हणजे ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस चालवणारं सॉफ्टवेअर, कुठला टाकलाय? फॉरमॅट मारल्यावर विंडोजने आपलाच साधा ड्रायव्हर लावला असेल, इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्यांचा घ्या. ऑडिओ एन्हान्समेंट्स सगळे बंद करा, लाउडनेस इक्वलायझेशन तर नक्कीच, ते शांत जागी आवाज वर खेचतं आणि मग जरा काही झालं की अंगावर येतं.

सोल्डर_गन

थांबा, ड्रायव्हर वगैरे नंतर. आधी कान वाचवायचं बघू.

ताई मला खात्री आहे की तुमच्या इंटरफेसवरचं हेडफोनचं गोल बटण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण फिरवलेलं आहे आणि आवाज तुम्ही विंडोजमधून २० करून कमी केलाय. बरोबर? तसं असेल तर आत्ताच्या आत्ता उलटं करा. विंडोजचा व्हॉल्यूम १००, इंटरफेसचं बटण शून्य, आणि मग बटण हळूहळू वाढवत आणा.

का ते नीट सांगतो, कारण हे कळल्याशिवाय तुम्ही परत २० वर जाल. विंडोजचा व्हॉल्यूम म्हणजे नळाची तोटी नाही. बहुतेक छोट्या इंटरफेसमध्ये तो फक्त गुणाकार असतो, म्हणजे आवाजाचे जे आकडे येतात त्यांना विंडोज लहान करतं आणि मग ते लहान आकडे यूएसबीतून इंटरफेसकडे जातात. तिथे त्या आकड्यांची वीज होते, मग अँप्लिफायर, मग हेडफोन. आता बिघाड विंडोजच्या त्या गुणाकारानंतर झाला, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, केबलमध्ये किंवा इंटरफेसच्या आत, तर तिथे २० ला कोण विचारतो? तिथून पुढे जो आकडा जाईल तो पूर्ण ताकदीनं जाईल आणि पुढचा अँप्लिफायर तर तुम्ही फुल उघडून ठेवलाय.

हिशोब करून बघा. बोलण्या-गाण्याचा आवाज सरासरी कमाल पातळीच्या २० डेसिबल खाली असतो असं धरा, त्यात विंडोजने समजा अजून ३० डेसिबल खाली आणला. म्हणजे तुम्ही ऐकत होता ते कमाल पातळीच्या ५० डेसिबल खाली, आणि खरखराट आला तो थेट वरच्या टोकाला. दर १० डेसिबलला पॉवर दहापट होते, तर ५० ला एकावर पाच शून्य, एक लाख पट. म्हणून हेडफोन फेकावा लागला.

विंडोज १०० आणि बटण कमी असं ठेवलं की तीच खरखर आली तरी ती त्याच हेडफोनवर जोरात वाजवलेल्या एखाद्या गाण्यापेक्षा थोडीशीच मोठी असेल. दचकाल, पण कानाला इजा होण्याइतकी नाही. बटण सेट करताना तुमच्याकडचं सगळ्यात मोठ्या आवाजात रेकॉर्ड झालेलं गाणं लावा, क्लासचं हळू रेकॉर्डिंग नको, आणि ते आरामात ऐकू येईल तिथे बटण थांबवा. त्या जागी एक टिकली चिकटवून ठेवा म्हणजे झाडताना-पुसताना बटण हललं तरी कळेल.

हे झालं की मग सांगा: इंटरफेस कुठल्या पोर्टला आहे, मध्ये हब आहे का, आणि तिन्ही वेळा नेमकं काय काय चालू होतं?

तंबोरा_मिरज

सोल्डर_गन दादा, तुम्ही घरात येऊन बघितल्यासारखं सांगितलंत. बटण पूर्ण फिरवलेलंच होतं, दुकानातून आणल्यापासून. आवाज कमी-जास्त करायचा म्हणजे विंडोजमधूनच करायचा अशीच सवय. आता बदललं, लाल टिकली लावली.

पोर्टचं सांगते. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला दोनच यूएसबी आहेत. एकात चार तोंडांचा हब लावलाय, साधा, त्याला वेगळी वीज नाही. त्या हबला इंटरफेस, वेबकॅम आणि पोर्टेबल हार्ड डिस्क. क्लासचं रेकॉर्डिंग मी थेट त्या हार्ड डिस्कवर करते, मुलींना नंतर पाठवायला.

तिन्ही वेळा रेकॉर्डिंग चालू होतं हे नक्की, वेबकॅम पण. तिसऱ्या वेळी मी शिवाय आधीच्या आठवड्याच्या फाइल डिस्कवरून कॉपी करायला लावल्या होत्या आणि ती वेळ सगळ्यात लवकर आली, पाच-सात मिनिटांतच. रातकिडा, आवाज अजिबात सुराचा नाही. सुराचा असता तर मला कुठला ते सांगता आलं असतं.

अजून एक लक्षात आलं ते लिहिते. ते टक् आहे ना, ते स्पीकरवर तंबोऱ्याचं अॅप चालू ठेवलं की दिवसभर एकदाही येत नाही. तंबोरा बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबलं आणि काही लावलं की येतं.

बाइट_घसरला

इथे लिहायलाच पाहिजे कारण माझं हेच झालं होतं आणि मी एक चांगला इंटरफेस खराब समजून कपाटात टाकून दिला होता.

तुमच्या हबला लावलेल्या तीन वस्तू एकाच पद्धतीनं वागत नाहीत. हार्ड डिस्कचा डेटा जातो तेव्हा पाकीट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, चुकलं तर ते परत मागवलं जातं, म्हणून कॉपी हळू होईल पण फाइल बिघडत नाही. ऑडिओला परत मागवायला वेळच नाही, आवाज तर पुढे गेला, म्हणून यूएसबीमध्ये ऑडिओसाठी जी पद्धत आहे, आयसोक्रोनस म्हणतात तिला, त्यात पाकीट चुकलं की चुकलं. साध्या फुल स्पीड यूएसबीवर सेकंदाला हजार वेळा पाकीट जातं, हाय स्पीडवर आठ हजार वेळा. त्यातलं एखादं गेलं तर चांगला इंटरफेस एक बारीक टिक् करून पुढे जातो. पण काही उपकरणांत आणि काही ड्रायव्हरांत अशा वेळी मोजणीच चुकते आणि मग तुमचा तो राक्षस येतो.

मोजणी चुकते म्हणजे काय? २४ बिटचा आवाज असेल तर प्रत्येक आकडा तीन बाइटचा, पहिला महत्त्वाचा, दुसरा कमी, तिसरा अगदी बारीकसारीक. किराणाच्या वहीत रुपये आणि पैशांचे वेगळे रकाने असतात तसं समजा. आता लिहिणारा एक रकाना घसरला आणि पुढे सगळी वही तशीच लिहित गेला तर पैशांचे आकडे रुपयांच्या रकान्यात येणार. ३ रुपये ९७ पैशांचे ९७ रुपये. आवाजात तो तिसरा बाइट म्हणजे जवळजवळ वाटेल तसे उड्या मारणारे आकडे असतात, ते पहिल्या जागी आले की पूर्ण ताकदीची बिनसुराची खरखर, तुम्ही म्हणता ती टीव्हीच्या मुंग्यांची. आणि ती आपोआप का थांबत नाही तर रकाना एकदा घसरला की घसरलेलाच राहतो. केबल काढून लावली की मोजणी पहिल्यापासून सुरू, म्हणून परत छान. तुमचं वर्णन इतकं तंतोतंत जुळतंय की मला कार्ड मेलंय असं अजिबात वाटत नाही. मेलेलं कार्ड केबल काढून लावून असं बरं होत नाही.

आता पाकीट का चुकतं? एक तर वीज. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, आणि त्या एका पोर्टावर तुमचा बिनविजेचा हब, त्यावर डिस्क, वेबकॅम, आणि इंटरफेसला तर कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्ट पण याच ५ व्होल्टातून बनवायचे. डिस्क फिरायला लागताना एकटीच बरंच ओढते. दुसरं गर्दी. वेबकॅम पण वेळेवर पाकीट मागतो, डिस्क उरलेली सगळी जागा खाते. तिसरं म्हणजे कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांची वायर आतून मदरबोर्डपर्यंत पातळ आणि लांब येते, स्वस्त कॅबिनेटात शिल्डिंग नावालाच.

त्यामुळे नवीन काही विकत न घेता आधी हे करा. इंटरफेस कम्प्युटरच्या मागच्या पोर्टला थेट, मध्ये काहीही नको. डिस्क दुसरीकडे, आणि रेकॉर्डिंग आतल्या ड्राइव्हवर करून क्लास संपल्यावर कॉपी करा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये बफर (आवाजाचा आगाऊ साठा) १२८ असेल तर ५१२ करा, क्लाससाठी तेवढा उशीर कळणारही नाही, इंटरनेटचा उशीर त्याच्या कितीतरी पट असतो. आणि साउंड सेटिंगमध्ये सगळीकडे एकच सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती आकडे) ठेवा, ४८ हजार, कारण गाणं ४४.१ हजारावर आणि मीटिंग ४८ हजारावर असं असलं की इंटरफेसला मध्येच गाडी बदलावी लागते आणि काही जण नेमके तिथे अडखळतात.

तरी झालं तर लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर अर्धा तास चालवून बघा, कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतो ते नाव घेऊन सांगतं. बऱ्याचदा वायफायचा निघतो.

पेंग्विन_पुणे

टक् चं मी सांगतो. ते वेगळं प्रकरण आहे, यूएसबीशी संबंध नाही, कारण स्पीकर तुमच्या मदरबोर्डवरच्या साउंडला आहेत. थोडा वेळ आवाज नसला की ड्रायव्हर वीज वाचवायला त्या चिपला झोपवतो, परत उठवताना आउटपुटला व्होल्टेजचा एक धक्का बसतो तो टक्. तंबोरा चालू असताना चिप झोपतच नाही म्हणून येत नाही, तुम्ही स्वतःच अचूक निदान केलंत. लिनक्सवर एचडीए इंटेल ड्रायव्हरची पॉवर सेव्ह सेटिंग शून्य केली की जातं, मी प्रत्येक नव्या मशीनवर पहिलं तेच करतो. विंडोजवर तुमच्या चिपच्या ड्रायव्हरवर अवलंबून आहे, काहींच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर मॅनेजमेंट म्हणून असतं. नसेल तर राहू दे, त्या टक् ने नुकसान काही नाही.

जुन्या लिनक्सवर अजून एक असायचं, पल्सऑडिओचं (लिनक्सवर आवाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) फ्लॅट व्हॉल्यूम. एका अॅपनं आपला आवाज १०० केला की मुख्य व्हॉल्यूमच १०० व्हायचा, ब्राउझरमध्ये कुठलंतरी पान उघडलं आणि कानठळ्या. लिनक्सच्या बऱ्याच डिस्ट्रोंनी, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारांनी, ते नंतर बंद करून दिलं. विंडोजमध्ये त्याचा भाऊ म्हणजे एक्सक्लुझिव्ह मोड, त्यात अॅप मधल्या मिक्सरला वगळून थेट उपकरणाशी बोलतं. असिओ ड्रायव्हर वापरणाऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचंही तेच, विंडोजचा व्हॉल्यूम तिथे चालतच नाही. सोल्डर_गन म्हणतात ते याही बाबतीत लागू आहे, शेवटचा भरवसा हाताने फिरवायच्या बटणाचा.

एडिसनकर

पांढरी पाचच्या किंचित वर हे वाचून राहवलं नाही. मी न्यू जर्सीत असतो, हौशी गातो. भारतात वीज ५० हर्ट्झ, तिची गुणगुण ५० आणि १०० वर येते. पांढरी पाच ४९ आणि ९८ ला. म्हणजे तुमची गुणगुण पांढरी पाचपेक्षा दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण एक तृतीयांशाने वर, ताईंनी कानानं बरोब्बर पकडलं. इथे वीज ६० हर्ट्झ, ती काळी पाच आणि पांढरी सातच्या अगदी मधोमध पडते, कुठल्याच पट्टीला धड लागत नाही, रियाजाला बसलं की फार त्रास होतो. तुमच्या इथल्या विद्यार्थिनींना विचारून बघा.

तर ती गुणगुण विजेचीच आहे. साउंड कार्डचा दोष समजू नका.

सोल्डर_गन

एडिसनकरांनी काम सोपं केलं. ताई, स्पीकरचा प्लग आणि कम्प्युटरचा प्लग भिंतीवरच्या दोन वेगळ्या बोर्डांना आहेत का? दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असला की ऑडिओच्या वायरच्या जाळीतून करंट फिरतो, ग्राउंड लूप म्हणतात, तीच ही गुणगुण. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि ऐका. जुन्या वाड्यात असाल तर अर्थिंग आहे का हेच वायरमनला मीटर लावून बघायला सांगा. आणि हात जोडून सांगतो, कुणीही गुणगुण घालवायला प्लगची तिसरी जाड पिन काढा म्हटलं तर ऐकू नका. गुणगुण जाईलही, पण कॅबिनेटमध्ये करंट उतरला तर तो तुमच्या अंगातून जाईल. मी एकाचा हात भाजलेला पाहिलाय.

कर्णिका_नागपूर

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, तांत्रिक भाग वरच्या सगळ्यांनी छान सांगितलाय, मी फक्त कानाचं बोलते.

तंबोरा ताई, शिट्टी संध्याकाळपर्यंत होती आणि मग गेली असं तुम्ही लिहिलंय. मोठ्या आवाजानंतर अशी तात्पुरती शिट्टी किंवा बधिरपणा येतो आणि बहुतेकदा दिवस-दीड दिवसात जातो. पण गेला म्हणजे काहीच झालं नाही असं धरू नका. २००९ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात ऐकू येण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही कानाच्या पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच सांधे कायमचे गेलेले दिसले. माणसात नेमकं किती ते अजून वादात आहे, तरी गाणाऱ्या माणसानं चौथी वेळ येऊ द्यायची नाही एवढं नक्की.

आपल्या कानाला एक संरक्षण आहे, मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक छोटा स्नायू आवळतो आणि आवाज थोडा कमी आत जातो. पण त्याला आवळायला सेकंदाचा काही अंश लागतो, आणि असा अचानक आलेला आवाज तेवढ्यात आत पोचलेला असतो. म्हणून हळूहळू वाढलेल्या आवाजापेक्षा हा जास्त वाईट.

कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या नायोशची (कामगारांच्या आरोग्यासाठीची सरकारी संस्था) शिफारस ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० ला पंधरा मिनिटं. दिवसाला सहा-सात तास हेडफोन घालणाऱ्यांनी हा हिशोब डोक्यात ठेवावा, खरखराट नसला तरी.

एकदा शुद्ध स्वर ऑडिओमेट्री (वेगवेगळ्या सुरांवर कानाला किती ऐकू येतं त्याची तपासणी) करून घ्या, कारण आवाजाचा घाव आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात दिसतो आणि तुम्हाला रोजच्या बोलण्यात तो कळणार नाही; शक्यतो ८००० च्या पुढेही तपासणाऱ्या ठिकाणी करा. रिपोर्ट जपून ठेवा, पुढे तुलना करायला लागतो. आणि कुणालाही एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा, त्याचे उपचार जितके लवकर तितके उपयोगी.

रातकिडा

हे मला पण नवीन आहे सगळं. मी पण फुल बटण आणि विंडोज १५ वर वापरत होतो, आत्ता बदललं.

तंबोरा_मिरज

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, मध्ये गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाची तयारी होती.

सगळं सांगते. इंटरफेस मागच्या पोर्टला लावला, मध्ये काही नाही. रेकॉर्डिंग आतल्या ड्राइव्हवर. बफर ५१२, सगळीकडे ४८ हजार, सस्पेंड बंद. या तीन आठवड्यांत अठ्ठावन्न क्लास झाले, वहीत मांडलेत, एकदाही खरखराट नाही.

पण मला खात्री करायची होती की नशिबानं होत नाहीये का खरंच कारण सापडलंय. म्हणून एका रविवारी मुद्दाम जुन्यासारखं सगळं पुढच्या हबला लावलं. हेडफोन डोक्याला नाही लावला, टेबलावर ठेवला, टिकलीवर बटण. गाणं लावलं, वेबकॅम चालू, आणि डिस्कवर चाळीस जीबीची कॉपी लावली. अकराव्या मिनिटाला आला! टेबलावरून दुसऱ्या खोलीत ऐकू येईल असा नव्हता यावेळी, उचलून कानापासून वीतभर धरला तर मोठा होता पण फेकून द्यावा असा नाही. बाइट_घसरला, तुमचा वहीचा रकाना मी प्रत्यक्ष ऐकला. मग तोच प्रयोग इंटरफेस मागे लावून केला, दीड तास, काही नाही. हब आता फक्त माउस आणि पेन ड्राइव्हसाठी.

दुकानात जाऊन हे सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी कार्ड बदला म्हणण्याआधी पोर्ट बदलून बघू म्हणाले. दहा हजार वाचले त्यातले काही ऑडिओमेट्रीला गेले. उजव्या कानात ४००० ला थोडा खड्डा आहे, डॉक्टर म्हणाल्या जुना असू शकतो, इतकी वर्षं तबला उजव्या हाताला घेऊन गातेय. सहा महिन्यांनी परत बोलावलंय. कर्णिका ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर गेलेच नसते.

गुणगुण एका बोर्डवर घेतल्यावर निम्मी झाली. वायरमननं बघितलं तर आमच्या माडीवर अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आलेलीच नव्हती, नुसती भोकं होती तीन. आता खालून वायर ओढून घेतलीये. टक् आहे तसंच आहे, त्याची सवय झाली.

न्यू जर्सीच्या मुलीला विचारलं, ती म्हणाली हो, फ्रिजच्या खोलीत बसलं की काळी पाचवर सा लागतच नाही. तिला खोली बदलायला सांगितली आणि तिच्याही हेडफोनच्या बटणाला टिकली लावायला लावली, तिचंही फुल होतं.

एक विचारायचं राहिलं. वेबकॅम आत्ता मागेच, इंटरफेसच्या लगेच खालच्या पोर्टला लावलाय. तो चालेल का?

बाइट_घसरला

अठ्ठावन्न क्लास चाललाय म्हणजे चालेल, पण बघून घ्या. डिव्हाइस मॅनेजर उघडा, वर व्ह्यूमध्ये डिव्हाइसेस बाय कनेक्शन निवडा, मग कुठली वस्तू कुठल्या यूएसबी कंट्रोलरखाली (पोर्ट सांभाळणारी चिप) आहे ते झाडासारखं दिसतं. काही मदरबोर्डांवर मागे दोन कंट्रोलर असतात. तसे असतील तर वेबकॅम दुसऱ्यावर टाका, इंटरफेस एकटा राहू दे. एकच असेल तर आहे तिथे ठेवा, फक्त क्लासच्या वेळी त्याच बाजूला डिस्क लावू नका. आणि जुनी यूएसबी केबल सैल वाटत असेल तर ती पण बदला, दीड-दोन मीटरच्या आतली घ्या, जाड आणि दोन्ही टोकांना घट्ट बसणारी.